केंद्रातील जुना कार्यकर्ता पुन्हा प्यायला: त्याला, रुग्णांना आणि त्याच्या घरच्यांना आधार कसा द्यावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी चालणाऱ्या पंधरा खाटांच्या निवासी व्यसनमुक्ती केंद्रात समन्वयक म्हणून काम करते. मानसोपचारतज्ज्ञ आमच्याकडे ठरलेल्या दिवशी येतात. रोजचा भार एक परिचारिका, दोन समुपदेशक आणि चार कार्यकर्ते यांच्यावर असतो. या चौघांपैकी तिघे स्वतः दारूतून बाहेर पडलेले आहेत. त्यांच्यातला सर्वांत जुना कार्यकर्ता नुकताच गावच्या यात्रेला गेला आणि तिथे पुन्हा प्यायला.

तो केंद्रातच राहत असे. रात्रपाळी बहुतेक त्याच्याकडेच असे, आणि नवीन दाखल झालेला माणूस पहिल्या रात्री थरथर कापत असतो तेव्हा त्याच्या उशाशी बसणाराही तोच होता. यात्रेनंतर तो कामावर आला नाही आणि मग त्याच्या पत्नीचा फोन आला. त्याच्याच गावचे दोघे सध्या आमच्याकडे दाखल असल्यामुळे संध्याकाळपर्यंत वॉर्डात सर्वांना बातमी कळली. एका रुग्णाने मला सरळ विचारले, "इतकी वर्षे न पिता राहून जर हा टिकला नाही, तर मॅडम, आम्ही इथे कशासाठी बसायचे?" मी त्याला जे उत्तर दिले त्याने माझेच समाधान झालेले नाही.

विश्वस्तांचे म्हणणे आहे की त्याला तत्काळ कमी करावे, नाहीतर केंद्राची अब्रू जाईल. सहकाऱ्यांपैकी काहींना वाटते की हे झाकून ठेवावे आणि चार दिवसांनी त्याला पुन्हा कामावर घ्यावे. उरलेले दोघे व्यसनमुक्त कार्यकर्ते मात्र काहीच बोलत नाहीत, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. त्याच्या पत्नीने फोनवर दोन गोष्टी मागितल्या: नवऱ्याची नोकरी जाऊ देऊ नका, आणि 'दारू प्यायली की त्रास होतो ती गोळी' द्या, म्हणजे ती त्याच्या नकळत चहात घालता येईल. अशा प्रसंगातून गेलेल्या केंद्रांतील लोकांनी, डॉक्टरांनी आणि कुटुंबीयांनीही मार्गदर्शन करावे, ही विनंती.

देवराई

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. नोकरीचा निर्णय काही दिवस थांबू शकेल, पण एक गोष्ट आजच विचारून घ्या: तो अजून पीत आहे का, किती पीत आहे, आणि पूर्वी दारू सोडताना त्याला कधी फिट आली होती का? ज्याने अनेकदा दारू सोडली आणि पुन्हा धरली, त्याला सोडतानाचा त्रास दर खेपेला अधिक तीव्र होऊ शकतो. म्हणून 'मागच्या वेळी नुसते हात थरथरले होते' या आठवणीवर विसंबू नये. साधारणपणे दारू थांबवल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतो, फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत मोठा असतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भास होऊ लागतात, वेळकाळाचे भान सुटते, ताप चढतो. डिलिरियम ट्रेमेन्स नावाची ही अवस्था उपचारांशिवाय जिवावर बेतू शकते. त्यामुळे त्याला घरी खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा प्रयत्न कोणी करू नये, हे त्याच्या घरी स्पष्ट सांगा.

गावातल्या दवाखान्यात अशा माणसाला 'अशक्तपणा आहे' म्हणून ग्लुकोजचे सलाईन लावण्याची पद्धत आहे. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनची, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची, कमतरता असू शकते, आणि ती भरून न काढता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. थायमिनचे इंजेक्शन त्याआधी किंवा निदान त्याच वेळी दिले जावे, एवढे त्या डॉक्टरांना आपल्या परिचारिकेने फोनवरून सांगितले तरी मोठे काम होईल.

आता त्या गोळीविषयी. तिचे नाव डायसल्फिराम. दारूचे शरीरात विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड तयार होते. ते पुढे नाहीसे करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) काम ही गोळी थांबवते, आणि म्हणून दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला आपण गोळी घेत आहोत हे ठाऊक असते तो दारूपासून लांब राहतो, आणि औषधाचा सगळा उपयोग या ठाऊक असण्यातच आहे. नकळत दिलेल्या माणसाला हा धाक नसतो. तो नेहमीसारखा पितो, आणि हृदयविकार असेल तर त्या एका संध्याकाळी मृत्यूही येऊ शकतो. गोळी थांबवल्यानंतरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, आणि क्वचित ती यकृताला गंभीर इजा करते, म्हणून रक्ततपासणीशिवाय ती सुरू करत नाहीत. सध्या पीत असलेल्या माणसाला तर ती देतच नाहीत. त्याच्या पत्नीला रागावू नका, कारण हा सल्ला तिला शेजारपाजारून किंवा औषधाच्या दुकानातून मिळाला असणार आणि तो देणाऱ्यांची संख्या आपल्याकडे फार मोठी आहे. मात्र ठामपणे नाही म्हणा. नालट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेटसारखी इतर औषधेही आहेत, आणि त्यांची चर्चा त्याच्यासमोर, त्याच्या संमतीने करता येईल.

संमतीचा मुद्दा कायद्याचाही आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्यामुळे तुमचा हा कार्यकर्ता उपचार घेऊ लागला की इतर कोणत्याही रुग्णाप्रमाणे त्यालाही आपली माहिती गोपनीय राहण्याचा हक्क मिळतो. तो आपला माणूस आहे म्हणून हा हक्क सैल होत नाही.

गोदातीर

मी मनोविकार समाजकार्यकर्ती आहे आणि बरीच वर्षे व्यसनमुक्ती केंद्रांतील कर्मचाऱ्यांचे पर्यवेक्षण करत आले आहे. डॉक्टरांनी सांगितलेले आधी करा. त्याला दाखल करावे लागले तर तुमच्या केंद्रात करू नका. ज्यांना त्याने कालपर्यंत अंघोळ घातली, ज्यांची तक्रार ऐकली, त्यांच्या शेजारच्या खाटेवर त्याला झोपवणे त्याच्यावर अन्याय आहे आणि त्यांच्यावरही. शिवाय तुमचे समुपदेशक त्याचे सहकारी आहेत, त्यामुळे तो त्यांच्यापुढे खरे बोलू शकणार नाही. जिल्हा रुग्णालय असो की दुसऱ्या जिल्ह्यातले केंद्र, जिथे त्याला कोणी 'दादा' म्हणत नाही अशा ठिकाणी त्याला पाठवा.

विश्वस्तांना माझे सांगणे असे की 'काढून टाका' आणि 'झाकून ठेवा' हे दोन्ही सल्ले एकाच भीतीतून आलेले आहेत, आणि दोन्हींचा परिणाम तुमच्या उरलेल्या दोघा कार्यकर्त्यांवर सारखाच होईल. उद्या त्यांना पिण्याची ओढ लागली तर ती कोणाला सांगायची नाही, हेच ते यातून शिकतील. ते गप्प आहेत, कारण त्या दोघांनी आपले भविष्य या प्रसंगात पाहिले आहे. म्हणून त्याला उपचारांसाठी रजा द्या, त्या काळात त्याच्यावर रुग्णांची कोणतीही जबाबदारी नसेल हे लेखी द्या, आणि परतण्याचा विचार उपचारानंतर बाहेरच्या तज्ज्ञाच्या अभिप्रायावरून होईल असे ठरवा. कामाच्या वेळी, नशेत, रुग्णांजवळ असणे ही गोष्ट वेगळी आहे. तसे झाले असते तर रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी मी कठोर भूमिका घेतली असती. तुमच्या माहितीप्रमाणे तो सुट्टीवर असताना प्यायला आणि कामावर आला नाही, हा फरक विश्वस्तांसमोर मांडण्यासारखा आहे.

आपल्याकडे या कामाला माणसे मुळातच अपुरी आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले होते. ज्यांना उपचार मिळत नाहीत त्यांच्यापर्यंत जाण्याची उमेद ज्यांच्यात असते त्यांत असे अनुभवी कार्यकर्ते पुष्कळ असतात. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे १९८६ साली सुरू झाले, बरे झालेले अनेक जण कार्यकर्ते म्हणून रुग्णांच्या बरोबरीने उभे असतात, आणि ती परंपरा महाराष्ट्रात इतरत्रही रुजली आहे. ही परंपरा टिकवायची असेल तर घसरलेल्या कार्यकर्त्याचे काय करायचे याचे उत्तर प्रसंग येण्याआधी तयार असले पाहिजे.

आता वॉर्ड. रुग्णांना बातमी कळलेलीच आहे, त्यामुळे मौन हे खोटे बोलण्यासारखे होईल. त्याची परवानगी घ्या आणि सकाळच्या सभेत इतकेच सांगा की तो पुन्हा प्यायला, तो उपचार घेत आहे, आणि याहून अधिक तपशील तुमच्याविषयी आम्ही जसे बाहेर सांगत नाही तसे त्याच्याविषयीही सांगणार नाही. त्यानंतर व्याख्यान देऊ नका, त्यांना बोलू द्या. काही घाबरतील, काहींना आत कुठेतरी बरे वाटेल आणि त्याचीच लाज वाटेल, आणि ज्यांच्या पहिल्या रात्री तो जागला होता त्यांना शोक होईल. पुढचा आठवडाभर 'मला घरी सोडा' या मागण्या वाढतील, तेव्हा त्या प्रत्येकामागे हा प्रसंग आहे का ते विचारा. तुम्हाला प्रश्न विचारणारा रुग्ण प्रामाणिक आहे. त्याला सांगा की मधुमेहाच्या रुग्णाची साखर वर्षानुवर्षे आटोक्यात राहून एकदा वाढली म्हणजे आधीची वर्षे फुकट गेली असे कोणी म्हणत नाही; औषध, आहार आणि दिनक्रम पुन्हा तपासला जातो. मग त्याच्या स्वतःच्या मनात कशाची भीती आहे, ते ऐका.

आजचा_दिवस

मी स्वतः दारूतून बाहेर आलेलो आहे आणि एका केंद्रात समुपदेशक आहे. वरील दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक गोष्ट या चर्चेत अजून आलेली नाही, आणि ती आमच्यासारख्यांना आतून ठाऊक असते.

तुमच्या सहकाऱ्याचे घर, पगार, मित्र, गावातली पत आणि रोजचे जेवण हे सगळे एकाच छपराखाली होते, आणि त्या छपराखाली तो कायम देणारा होता. व्यसनमुक्तीच्या वाढदिवसाला त्यालाच बोलायला उभे करत असाल, नव्या रुग्णाच्या नातेवाइकांना 'हे पाहा, हे आमच्याकडे बरे झाले' म्हणून त्यालाच दाखवत असाल. आमच्याकडेही तसेच होते आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. परंतु ज्याला उदाहरण म्हणून दाखवले जाते त्याने 'आज मला प्यावेसे वाटते आहे' हे कोणासमोर म्हणायचे? रुग्णांसमोर म्हणता येत नाही, वरिष्ठांसमोर म्हटले तर नोकरीची धास्ती असते, आणि बायकोसमोर म्हटले तर तिची झोप उडते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांच्या बोलण्यातून झाली. त्या संघटनेने आपल्या परंपरांमध्ये सदस्याचे सदस्यत्व आणि त्याचा पगारी व्यवसाय यांत अंतर राखले आहे. मला हे अंतर फार शहाणपणाचे वाटते. केंद्रात मी समुपदेशक असतो. त्या संघटनेच्या मीटिंगला जातो तेव्हा मागच्या खुर्चीवर बसतो आणि माझी पाळी आली की माझेच सांगतो. दिवसभर केंद्रातल्या सभांना बसलो म्हणजे माझी मीटिंग झाली, असा समज करून घेणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत, आणि घसरण तिथून सुरू होते असे माझे मत आहे.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपासून सावध राहा, असे आम्ही रुग्णांना रोज सांगतो. मग जो माणूस बहुतेक रात्री जागतो, घरच्यांपासून दूर केंद्रात झोपतो आणि सुट्टी मिळाल्यावर थेट यात्रेच्या गर्दीत जुन्या मित्रांत जातो, त्याच्या बाबतीत यांपैकी कशाची काळजी घेतली गेली होती? मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या केंद्रात माणसे किती आहेत हे दिसतेच आहे. पण रात्रपाळ्या वाटून घ्या, आणि बाहेरगावच्या मीटिंगला जाण्याचा वेळ व बसभाडे कामाचा भाग समजून द्या. तुमच्या गावी मीटिंग नसेल तर मराठीत ऑनलाइन मीटिंगही होतात.

गोदातीर ताईंशी माझा मतभेद परतण्याच्या बाबतीत आहे. उपचारानंतर तो परत आला की सगळे भावुक होतील आणि त्याला पहिल्याच आठवड्यात अनुभवकथनाला उभे करतील. हे कृपया होऊ देऊ नका. माझ्या मते त्याने पुढचे वर्षभर रुग्णांशी संबंधित काम करूच नये. स्वयंपाकघर, भांडार, बाग, हिशेब असे काम असेल तर द्या, आणि नसेल तर दुसरीकडे नोकरी शोधायला मदत करा. केंद्रातली नोकरी गेली तरी त्याची व्यसनमुक्ती टिकू शकते, ही शक्यता आपण त्याच्यासाठी जिवंत ठेवली पाहिजे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज आमची परिचारिका त्याच्या घरी जाऊन आली. तो जिल्हा रुग्णालयात दाखल व्हायला तयार झाला आहे आणि उद्या सकाळी त्याचा भाऊ त्याला घेऊन जाईल. पूर्वी एकदा फिट आली होती हेही कळले, म्हणून आज रात्री काय लक्ष ठेवायचे आणि कोणत्या लक्षणावर लगेच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची ते आम्ही भावाला लिहून दिले आहे. त्याच्या पत्नीला गोळीविषयी समजावले, तेव्हा ती म्हणाली, "मग मी काय करायचे ते तरी सांगा." या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. तिला आमच्या कुटुंबसभेला बोलावले, पण ती यायला तयार नाही.

मोगरा

माझे पती व्यसनमुक्त आहेत आणि एका संस्थेत काम करतात, म्हणून त्या ताई कुटुंबसभेला का येत नाहीत हे मला कळते. तुमच्या सभेत इतर बायका त्यांना कार्यकर्त्याची पत्नी म्हणून ओळखतात. कदाचित त्यांनीच त्या बायकांना 'धीर धरा, आमच्याकडे झाले तसे तुमच्याकडेही होईल' असे सांगितले असेल. आता त्याच बायकांसमोर त्यांनी कोणत्या तोंडाने बसायचे? आजचा_दिवस यांनी जे कार्यकर्त्याविषयी लिहिले तेच त्याच्या घरच्या माणसाला लागू आहे. त्यांनाही तुमच्या केंद्राबाहेरची जागा हवी.

मला मुक्तांगणच्या 'सहचरी' या पत्नींच्या गटाचा आधार मिळाला. अल-अनॉन ही कुटुंबीयांची संघटना १९५१ पासून आहे आणि तिच्या सभा महाराष्ट्रात अनेक शहरांत होतात. जवळ काहीच नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. रात्री अकरा वाजता, मुले झोपल्यावर, तिथे कोणाशी तरी बोलता येणे ही लहान गोष्ट नाही.

केंद्रांना माझी एक विनंती आहे. आम्हाला बोलावले जाते ते त्याची माहिती द्यायला: किती पितो, कधीपासून पितो, मारतो का, पैसे कुठून आणतो. ती माहिती तुम्हाला लागते, हे मान्य आहे. पण त्या ताईंना आधी हे विचारा की त्यांनी काल काही खाल्ले का, सासरी सगळे 'तुझ्यामुळेच प्यायला' म्हणत आहेत का, मुले शाळेत जात आहेत का, रात्री त्यांना घरात सुरक्षित वाटते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून त्यांची आणि मुलांची राहण्याची सोय पाहा. रजेच्या काळात पगाराचे काय होणार हेही त्यांना स्पष्ट सांगा, कारण 'नोकरी जाऊ देऊ नका' यामागे किराणा, शाळेची फी आणि बचत गटाचा हप्ता असतो, आणि हप्त्याच्या काळजीने बेजार झालेली बाई तुमचे समुपदेशन ऐकूच शकत नाही.

गोदातीर

मोगरा ताईंनी लिहिले त्यात थोडी भर घालते. पत्नीने काय करायचे याचे शिकवता येण्यासारखे उत्तर आहे. तो प्यायलेला असताना वाद घालायचा नाही आणि उपदेश करायचा नाही, तेव्हा आपण दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी जायचे. तो शुद्धीत असेल त्या वेळी मात्र सोबत जेवायचे, बोलायचे, आणि उपचाराची गोष्ट थोडक्यात व नेमकी काढायची. त्याच्या वतीने खोटे बोलायचे नाही, त्याची उधारी फेडायची नाही, आणि स्वतःचे काम, माहेर, मैत्रिणी तोडायच्या नाहीत. ही पद्धत अमेरिकेत क्राफ्ट या नावाने विकसित झाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, १३० कुटुंबीयांच्या अभ्यासात ती शिकलेल्यांपैकी ६४ टक्के जणांना आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणता आले, तर सर्वांनी मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के आणि अल-अनॉनच्या धर्तीवरील मार्गदर्शनात १३ टक्के होते. यावरून अल-अनॉनला कमी लेखू नये, कारण पिणाऱ्याला उपचाराला आणणे हा तिचा उद्देश नाही. घरच्यांचे स्वतःचे सावरणे हा आहे. सध्या तो दाखल व्हायला तयार आहे, पण तो परत आल्यावर पुढच्या महिन्यांत हे सगळे तिच्या उपयोगी पडेल.

परतण्याबाबत आजचा_दिवस यांचे म्हणणे वाचून मी माझे मत बदलते आहे. तज्ज्ञाच्या अभिप्रायावर सगळे सोपवणे पुरेसे नाही. काही काळ रुग्णसेवेपासून दूर ठेवण्याची अट आधीच घालावी.

कृष्णाकाठ

विश्वस्तांची बैठक झाली. उपचाराच्या काळात त्याला अर्ध्या पगारी रजा मिळेल आणि त्याच्या लेखी संमतीने ती रक्कम पत्नीच्या खात्यावर जाईल. परत आल्यावर वर्षभर भांडाराचे काम द्यायचे आणि राहण्याची सोय केंद्राबाहेर पाहायची, असेही ठरले. रात्रपाळ्या आता चौघांत वाटल्या आहेत, त्यात एक समुपदेशक आणि मी आहोत. सकाळच्या सभेत गोदातीर ताईंनी सुचवल्याप्रमाणे रुग्णांशी बोललो. त्यानंतर दोघांनी घरी जाण्याची मागणी केली. त्यांच्यापैकी एक थांबला, एक गेला. जो गेला त्याच्या पत्नीशी परिचारिका फोनवर संपर्क ठेवून आहे.

सभेनंतर उरलेल्या दोघा कार्यकर्त्यांपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारले की बाहेरगावच्या मीटिंगला दर आठवड्याला जाता येईल का. त्याची सोय या आठवड्यापासून केली आहे. कर्मचाऱ्यांशी दरमहा बोलण्यासाठी बाहेरची पर्यवेक्षक व्यक्ती नेमायला विश्वस्तांनी तत्त्वतः मान्यता दिली असून मानधनाचा प्रश्न शिल्लक आहे. ज्या केंद्रांत कार्यकर्त्यांच्या घसरणीविषयी लेखी धोरण आहे त्यांनी त्याचा मसुदा इथे दिल्यास पुढच्या बैठकीत तो मांडता येईल. त्यात रजेचा पगार, गोपनीयता आणि कामावर परतण्याच्या अटी यांचे शब्द नेमके कसे लिहिले आहेत, ते आम्हाला विशेष पाहायचे आहे.